प्रदूषणाचा धडा पत्त्यासकट शिकवावा

पावसाळ्यात सांगलीतल्या नदीकाठच्या कोणत्याही गल्लीतील सात-आठ वर्षांच्या मुलाला "आयर्विनला पाणी किती?" असे विचारले, तर तो फुटांत उत्तर देतो. कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी, हे त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवलेले नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते, हे त्या वेळी पाळण्यात असलेल्या मुलांनाही आता तोंडपाठ झाले आहे, आणि सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी शिरले की आपल्या दारात यायला साधारण किती अवकाश उरतो, याचा अंदाज घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून त्यांना आपोआप येतो. त्याच मुलाला पुढे विचारावे की सकाळी चूळ भरतोस ते पाणी जाते कुठे. "गटारात," असे उत्तर येते. गटारातून पुढे कुठे, यावर मात्र तो गप्प होतो. याच मुलाच्या परिसर अभ्यासाच्या वहीत "जलप्रदूषणाची कारणे" असा ठळक मथळा असतो, त्याखाली सुवाच्य अक्षरात कारणे लिहिलेली असतात आणि बाईंची बरोबरची खूणही असते.

नदीच्या पुराबद्दल इतके बारकाईने शिकणारे मूल त्याच नदीच्या घाणीबद्दल इतके ढोबळ का शिकते, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझ्या मते याचे कारण मुलांच्या वयात किंवा आकलनात नाही. पुराची माहिती त्यांना ठिकाणासह, आकड्यासह आणि आपल्या घराशी असलेल्या नात्यासह मिळते. प्रदूषणाची माहिती मात्र कोणत्याही गावाला लागू पडेल अशा बेताने, म्हणजेच कोणत्याही गावाला न लागणारी अशी मिळते. लहान मुलांना पर्यावरण शिकवायचे असेल तर ते पत्त्यासकट शिकवावे: आपले पाणी कोठून येते, आपली घाण कोठे जाते, वाटेत कोण लागते आणि हे सारे पाहण्याची जबाबदारी कोणाची आहे. एवढे सांगायची तयारी नसेल तर घोषणा पाठ करून घेण्यापेक्षा त्या तासाला मुलांना मैदानावर सोडलेले बरे.

शिकवण्याचा कायदेशीर आधार आपल्याकडे पुरेसा आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नद्या, वने, तलाव आणि वन्यजीव यांचे रक्षण हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा शिक्षणातला सक्तीचा विषय असावा असे सांगितले आणि २००३ मध्ये पुन्हा आदेश देऊन त्याची अंमलबजावणी करायला लावली. त्या आदेशानंतर तिसरीत बसलेले मूल आज तिशीच्या आसपास असेल. तो आता मतदार आहे, बऱ्याच ठिकाणी पालक आहे, काही ठिकाणी नगरसेवकही असेल. "आजची मुले उद्याचे नागरिक" हे वाक्य आपण व्यासपीठावरून अजूनही त्याच उत्साहाने म्हणतो, पण तो उद्या येऊन गेला आहे आणि शहराचे सांडपाणी वाहणाऱ्या शेरीनाल्याचे पाणी कृष्णेत मिसळायचे काही थांबलेले नाही. शिक्षण वाया गेले असा याचा अर्थ मी घेत नाही. मात्र जे शिकवले त्यात काय राहून गेले, हे तपासायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

राहून गेले ते काय, हे पाहायचे असेल तर पर्यावरण दिनाची चित्रकला स्पर्धा पाहावी. (५ जून हा दिवस आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुटीत येतो, त्यामुळे ही स्पर्धा बहुतेक शाळांत शाळा उघडल्यावर सवडीने उरकली जाते, हे जाता जाता.) कागदाच्या मध्यावर पृथ्वी, तिची अर्धी बाजू हिरवी आणि अर्धी काळी, हिरव्या बाजूला झाड आणि मोर, काळ्या बाजूला धूर ओकणारे एक धुरांडे. हे धुरांडे कोणत्या कारखान्याचे, असा प्रश्न परीक्षक विचारत नाहीत आणि मुलालाही पडत नाही. वास्तविक आपल्या जिल्ह्यात धुरांडे पाहायला दूर जावे लागत नाही. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की आसपासच्या वस्त्यांत गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बगॅसची, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चोथ्याची, काजळी बसते. झटकायला गेले तर पांढऱ्या सदऱ्यावर काळा फराटा उठतो, म्हणून बायका ती आधी फुंकून काढतात. चित्र काढणाऱ्या मुलाने ही काजळी बोटाने पुसून पाहिलेली असते. तरीही कागदावरचे धुरांडे आणि गच्चीवरची काजळी यांचा संबंध त्याच्या मनात जुळत नाही, कारण तो जुळावा अशी आपली इच्छाच नसते.

येथे एक अडचण स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण ती सगळ्यांना ठाऊक असून कोणी लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रात कारखाना, शिक्षणसंस्था, दूध संघ आणि बँक यांची सूत्रे बऱ्याचदा एकाच घराच्या किंवा गटाच्या हाती असतात. कारखान्याची मळी ओढ्यात येते असे वर्गात सांगणारा शिक्षक ज्या संस्थेत नोकरी करतो, तिच्या अध्यक्षांच्या नावाची पाटी कदाचित त्याच कारखान्याच्या फाटकावरही असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाला संस्थाचालकाची भीती नसली तरी बदलीची आणि गावातल्या पुढाऱ्याची असते. म्हणून तो सुरक्षित वाक्याकडे वळतो: "माणसाने निसर्गाचे नुकसान केले आहे." या वाक्यातला माणूस कोणीही असतो, त्यामुळे कोणाच्याही भावना दुखावत नाहीत. शिक्षकाला यात दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. शिक्षकाने खरे सांगावे असे वाटत असेल, तर खरे सांगितल्यावर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हे समाजाने आधी ठरवायला हवे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर वाटते. जबाबदार मोठ्या माणसांना वगळल्यामुळे जी पोकळी निर्माण होते, तिच्यात आपण मुलांनाच उभे करतो. फटाके न उडवण्याची शपथ मुलांनी घ्यायची, बाजारातून येताना प्लास्टिकच्या पिशवीबद्दल आईला मुलांनी टोकायचे, गणपतीचे निर्माल्य नदीत टाकू नये म्हणून आजोबांना मुलांनी अडवायचे. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि २०२२ च्या जुलैपासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. त्या बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला रोखण्यासाठी यंत्रणा आहे, दंड आहे. तरी भाजीवाल्याच्या गाडीला अडकवलेला पिशव्यांचा गठ्ठा रोज दिसतो आणि शपथ मात्र दुसरीतल्या मुलीकडून घेतली जाते. लहान मुलांना मोठ्यांवर पहारेकरी नेमणे मला शैक्षणिकदृष्ट्या चुकीचे वाटतेच, शिवाय ते काहीसे भित्रेपणाचेही वाटते.

त्यातही मूल खरोखर शिकते तेव्हा आपण त्याचे काय करतो? पहिलीतले मूल शाळेत ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करायला शिकते. लहान मुलांना वर्गवारी करायला फार आवडते. मणी असोत, शिंपले असोत किंवा केळ्याची साल आणि बिस्किटाचा कागद असो. घरी येऊन ते आईला दोन डबे करायला लावते, चार दिवस कोणाला चुकीच्या डब्यात काही टाकू देत नाही. मग सकाळी गाणे वाजवत घंटागाडी येते, मूल हौसेने दोन्ही डबे घेऊन दारात उभे राहते, आणि त्याच्या डोळ्यांदेखत दोन्ही डबे गाडीच्या एकाच हौद्यात रिकामे होतात. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी वर्गीकरण घराघरातून व्हावे असे सांगितले, वाहतूकही वेगळीच व्हावी असे सांगितले. पण नियमाचा पहिला भाग शाळेत शिकवला जातो आणि दुसरा भाग अनेक गल्ल्यांत रोज सकाळी मोडला जातो. मुलाने या दोन्हींतून काढलेला निष्कर्ष आपण कोणत्याही परीक्षेत तपासत नाही. तो निष्कर्ष असा असतो की शाळेतले शाळेत, आणि आयुष्यात तो चांगला टिकतो. महापालिकेने शाळांत जनजागृतीसाठी एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी, त्या शाळेच्या परिसरातली गाडी तरी दोन कप्प्यांची आहे ना, हे पाहावे. आधी गाडी, मग गाणे.

मग लहान मुलांना शिकवायचे काय आणि कसे? या बाबतीत परदेशी नमुने शोधण्याची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे बालशिक्षण उभे केले, त्यात महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, खडे, माती, शंख-शिंपले ही साधने होती. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळा थेट कुरणात नेण्याचा प्रयोगही त्यांनी केला. त्या काळी पर्यावरण शिक्षण असे नाव कोणी दिले नव्हते, पण परिसर हाताळल्याशिवाय कळत नाही, हे त्यांना पक्के कळलेले होते. अंगणवाडीतल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांपुढे प्रदूषण हा शब्दही काढू नये, असे माझे मत आहे. या वयात चिंचेचे पान आणि बाभळीचे पान यांतला फरक, पावसाच्या पहिल्या सरीनंतर बाहेर पडणारे गांडूळ, साळुंकी आणि कावळा यांची चाल, मातीत बोट घातल्यावर लागणारी ओल, एवढे भरपूर आहे. ज्या गोष्टीशी ओळखच झालेली नाही, ती धोक्यात आहे असे सांगून मुलात तिच्याविषयी आस्था निर्माण होत नाही. भीती तेवढी निर्माण होते. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना भीतीचा तुटवडा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी ज्यांची घरे धुतली, त्यांच्या घरातली लहान मुले रात्री पाऊस वाढला की उठून बसतात. त्यांना पृथ्वी बुडणार असल्याचे चित्र दाखवून आपण काय साधणार?

तिसरी-चौथीपासून मात्र मुलांना खरा पत्ता द्यावा. महाराष्ट्रात तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हानिहाय निघते, ही फार चांगली सोय आहे आणि तिचा आपण पुरेसा उपयोग करत नाही. आपल्या नदीची गोष्ट मुलांना एका वाटेसारखी सांगता येते: कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून, साताऱ्याजवळच्या माहुलीवरून येते, कराडला तिला कोयना मिळते, भिलवडी-औदुंबरवरून ती सांगलीत येते, हरिपूरला वारणा मिळते आणि अंकली, म्हैसाळवरून ती पुढे कर्नाटकात जाते. एवढे झाले की खरा प्रश्न विचारावा. वरच्या गावांनी पाण्यात जे सोडले ते आपल्याकडे आले. आपण जे सोडतो ते कोणाकडे जाते? नऊ वर्षांच्या मुलाला हा प्रश्न पूर्ण समजतो, कारण न्याय-अन्यायाबाबत या वयाची मुले आपल्यापेक्षा काटेकोर असतात. वरच्याने घाण केली तर खालच्याने ती प्यायची, हे त्यांना चटकन खटकते, आणि हरिपूरला संगमेश्वराच्या यात्रेला गेलेल्या मुलाला हे "खालचे" गाव डोळ्यांपुढे आणता येते.

मग शेरीनाला. शहराचे सांडपाणी या नाल्यातून कृष्णेकडे येते. ते उपसून धुळगावकडे न्यावे, तेथे शुद्ध करावे आणि शेतीला द्यावे, अशी योजना झाली. उपसा थांबला किंवा पाणी जास्त आले की ते पुन्हा नदीची वाट धरते. उन्हाळ्यात कोयनेतून सोडलेले पाणी कमी असते आणि नदीचा प्रवाह मंदावतो, तेव्हा तेवढीच घाण अधिक दाट होते; तिच्यातले सेंद्रिय पदार्थ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. मेलेल्या माशांचा खच सांगलीकरांनी अंकलीच्या परिसरात पाहिलेला आहे, आणि कृष्णेच्या प्रदूषणाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. ही कार्यकारणाची साखळी चौथीच्या मुलाला सहज समजते. त्यासाठी सहलही हवी: एक दिवस जलशुद्धीकरण केंद्रात आणि दुसऱ्या दिवशी सांडपाणी उपसा केंद्रात. पहिल्या ठिकाणी शाळा आनंदाने जातात. दुसऱ्या ठिकाणी कोणी नेत नाही, कारण तेथे वास येतो. माझ्या मते नेमका तो वासच अभ्यासक्रमाचा भाग असायला हवा.

वर्गात करण्यासारखे तर पुष्कळ आहे आणि त्याला खर्च नाही. नाल्याचे, नदीचे आणि नळाचे पाणी तीन सारख्या काचेच्या बाटल्यांत शिक्षकांनी स्वतः भरून, बूच घट्ट बसवून खिडकीत ठेवावे. मुलांनी हात न लावता रोज पाहावे. दोन-तीन दिवसांत गाळ तळाशी बसतो, एका बाटलीवर तवंग धरतो, आणि वरून नितळ दिसणारे नदीचे पाणीही निवळल्यावर तळाशी काय ठेवते ते दिसते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की काय होते हे आजीच्या घरी कदाचित पाहिलेले असेल, ते येथे पुन्हा दाखवावे. मात्र पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते पिण्याजोगे झाले असे नव्हे, क्लोरीन त्याचसाठी लागते, हेही तेथेच सांगावे. शाळेच्या आवारात एका कोपऱ्यात ओळीने लहान खड्डे काढून त्यांत लिंबाचा पाला, भाकरीचा तुकडा, सुती चिंधी, वर्तमानपत्राचा कागद आणि वेफर्सचे पाकीट पुरावे आणि दर पंधरा दिवसांनी उकरून पाहावे. भाकरी आधी जाते, पाला मागोमाग, कागद विरघळल्यासारखा होतो, चिंधी चिवटपणा दाखवते. पाकीट वर्ष संपताना धुऊन घेतले तर वरचे अक्षर वाचता येते, आणि त्या दिवशी शिक्षकाने बोलण्याची गरज नसते.

पत्त्यासकट शिकवायचे म्हटले की तालुक्यागणिक धडा बदलतो, हेही ध्यानात घ्यावे लागेल. तासगावच्या मुलासाठी हा विषय द्राक्षबागेतल्या फवारणीचा आहे: ब्लोअर चालू असताना बांधावर उभे राहू नये, औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओढ्यात का टाकू नयेत, त्या पाणी प्यायला घरी का आणू नयेत. वाळवा आणि मिरज तालुक्यांच्या नदीकाठच्या गावांत तो क्षारपड जमिनीचा आहे. उसाला पाणी पाजून पाजून पांढरी फुललेली जमीन मुलांनी रोज पाहिलेली असते, पण पाणी अधिक झाल्यानेही जमीन मरते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. कुपवाडच्या मुलांना औद्योगिक वसाहत दिसते. जत-आटपाडीकडच्या मुलाला पाणी वाचवण्याचा उपदेश करणे तर उद्धटपणाच होईल. ज्याच्या आईने टँकरपुढे रांग लावली आहे त्याला नळ बंद ठेवण्याचे महत्त्व आपण शिकवणार काय? तेथे पाणी येते कुठून, टेंभू आणि म्हैसाळच्या योजना ते एवढ्या उंचीवर कसे चढवतात, त्याला वीज किती लागते आणि ते शेवटच्या शेतापर्यंत पोचते का, हे शिकवावे.

सगळेच बिघडल्याची कथा सांगू नये, असे अनेक शिक्षक म्हणतात आणि ते बरोबर आहे. उदाहरणे मात्र जवळची घ्यावीत. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकातील दुष्काळानंतर बळीराजा धरण बांधले. नदीतल्या वाळूच्या बेसुमार उपशाविरुद्ध ते लढले, थोडी वाळू स्वतः विकून त्यांनी बांधकामाला पैसा उभा केला, आणि पाण्यात भूमिहीनांनाही वाटा असावा असे ठरवले. देवराष्ट्रेजवळच्या सागरेश्वरच्या उघड्या डोंगरावर माणसांनी जंगल वाढवले आणि त्याचे अभयारण्य झाले. या दोन्ही गोष्टींत माणसे नावागावाची आहेत, त्यांनी भांडण केले आहे, हिशेब केला आहे, वर्षानुवर्षे काम केले आहे. एका दिवसात रोप लावून छायाचित्र काढण्यापेक्षा ही गोष्ट मुलांना अधिक विश्वासार्ह वाटते.

इतके पत्त्यासकट शिकवल्यावर एक प्रश्न हमखास येणार, आणि त्याची तयारी आपण ठेवलेली नाही. मुले विचारतील: सगळ्यांना माहीत आहे, तर मग ते बंद का करत नाहीत? या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये आणि मुलांना मोर्च्यालाही नेऊ नये. पाणी प्रदूषित करू नये असा कायदा १९७४ पासून आहे, त्यावर देखरेखीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, शहराच्या सांडपाण्याची जबाबदारी महापालिकेची आहे, यातले बरेच काम पुरे झालेले नाही, आणि ते पुरे करून घेणे हे मोठ्यांचे काम आहे, असे शिक्षकाने सांगावे. तक्रार कोठे आणि कशी करतात, तिला उत्तर काय येते, हेही दाखवावे. अर्जावर सही मात्र मोठ्यांची असावी.

त्यासाठी वेगळी समिती नको. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिलेली आहे आणि तिच्यात पालक बहुसंख्य असतात. तिच्या बैठकीत सध्या पोषण आहार, गणवेश आणि छताची गळती हे विषय येतात, तसा शाळेच्या सांडपाण्याचा विषयही यावा. मुलांनी हात धुतलेले पाणी आणि स्वच्छतागृहाचे पाणी नेमके कोठे जाते, उरलेला भात कोठे टाकला जातो, शाळेसमोर थांबणारी गाडी कचरा वेगळा नेते की नाही, याची लेखी नोंद बैठकीच्या इतिवृत्तात व्हावी आणि त्याची एक प्रत वर्गात लावावी. परिसर अभ्यासाच्या तासाला पहिले वाचन त्या कागदाचे करता येईल. आणि शिक्षकाने वर्गात काही खरे सांगितले म्हणून कोणाचा फोन आला, तर तो मुख्याध्यापकांनी एकट्याने घेऊ नये. तोही पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.